तारेवरचे चार ठोके

लिफ्टचे रूळ बसवण्याआधी शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी विहीर, सरळ आहे की कललेला हे बघावं लागतं, आणि ते बघायला मिस्त्रीच्या मते ओळंब्यासारखं दुसरं काही नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर लाकडी चौकट ठोकायची, तिच्यातून पोलादी तार सोडायची, खाली खड्ड्यात तिच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगायचं आणि ते झोके घेत बसू नये म्हणून जुन्या तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचं. मग एकेका मजल्यावर, जिथे पुढे लिफ्टचं दार येणार त्या उघड्या काठाशी उभं राहून, काठापासून तारेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. काम दोघांचं. एक जण वर चौकटीपाशी, दुसरा मोजणारा. शाफ्टमध्ये ओरडून उपयोग नसतो, आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. म्हणून पान्याने तारेवर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे तार मोकळी आहे का? दोन म्हणजे आहे, मोज. तीन म्हणजे थांब. चार म्हणजे वर ये.

मिस्त्रीने सव्वीस वर्षं हे काम केलं होतं. बिनदाराच्या काठावर एक पाय हवेत टाकून विडी ओढणारा माणूस अशी त्याची ख्याती. आणि गेले आठ महिने त्याच माणसाला घरातला बल्ब बदलायचा म्हटलं तरी घाम फुटत होता. एका सकाळी उशीवर मान वळवली आणि खोली गर्रकन फिरली, तिथून सगळं सुरू झालं. कानाच्या डॉक्टरांनी त्याला झोपवून, बसवून, मान इकडे तिकडे करून बघितलं आणि सांगितलं, "जग फिरत नाही हो. तुमचा कान खोटं बोलतो. तुम्ही त्याचं ऐकू नका." सांगायला काय जातं!

बायको स्टुलावर चढून बल्ब लावायची आणि खालून स्टूल धरून उभ्या नवऱ्याला म्हणायची, "डोळे मिटलेत का? मिटा. मी पडले तर सांगेन." चेष्टा करायची, पण ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. शाफ्टमध्ये चक्कर येणाऱ्या लिफ्टवाल्याला कोण कामावर ठेवणार? तिच्या सख्ख्या भावालाही ती बोलली नव्हती, आणि तो तर रोज मिस्त्रीच्याच हाताखाली होता.

या भावाला सगळे खारू म्हणायचे. वय तिशीला टेकलेलं, अंगाने किडकिडीत, चढण्यात खारीसारखा. मिस्त्रीनेच त्याला काम शिकवलं होतं. मूलबाळ नसलेल्या त्या घरात मुलाला जे काही मिळालं असतं ते सगळं खारूला मिळालं होतं, शिव्यांसकट.

त्या दिवशी सोळा मजल्यांच्या एका नव्या इमारतीत तार सोडली होती. खारू वर चौकटीपाशी. मिस्त्रीने सहा मजले कसेबसे मोजले, म्हणजे चक्क फरशीवर बसून, भिंतीतल्या सळईला पट्टा अडकवून, हात लांब करून. सातव्यावर तो काठाशी सरकला आणि त्याच्या पोटातून काहीतरी पुढे सरकलं. हात सळईवर होता, बूड जमिनीवर होतं, तरी आपण निघालो आहोत असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. पडायची भीती त्याला कधीच नव्हती. भीती होती ती या निघण्याची. समोरची पोकळी धक्का देत नव्हती, ती नुसती वाट बघत होती, आणि आपल्याच अंगातलं कोणीतरी तिला हो म्हणत होतं.

तो रांगत मागे आला. जिन्यात बसून राहिला. मग भिंत धरून खाली उतरला, थेट खड्ड्यात, आणि बादलीशेजारी एका उलट्या खोक्यावर बसला. इथून खाली पडायला जागा नव्हती.

आणि तिथे बसून त्याने उरलेले दहा मजले लिहून काढले.

असं त्याने जन्मात केलं नव्हतं. वरच्या माणसाला संशय येऊ नये म्हणून मजल्यागणिक तारेवर एक ठोका द्यायचा. ठोका सातव्यावरून आला की तळातून, हे वर कळत नाही. वरून दोन ठोके आले की एक आकडा लिहायचा. आकडे त्याने विचार करून लिहिले. सगळे सारखे लिहिले तर कोणालाही कळेल, म्हणून एखादा मिलिमीटर इकडे, एखादा तिकडे. शिवाय फार चांगल्या मापांवर इंजिनिअर लोकांचा विश्वास नसतो हेही त्याला माहीत होतं, म्हणून तेराव्या मजल्याला त्याने मुद्दाम एक वाईट आकडा घातला. नऊ मिलिमीटर बाहेर. एक डाग ठेवला की बाकी कापड खरं वाटतं.

चौथ्या खेपेला पाना तेलकट हातातून सटकला आणि एकाऐवजी दीड ठोका गेला, एक मोठा आणि मागोमाग एक निसटता. वरचा क्षणभर थांबला. मग नेहमीसारखे दोन ठोके आले, पण जरा सावकाश.

सोळावा मजला झाला. मिस्त्रीने वही मिटली. तेवढ्यात वरून चार ठोके आले.

वर ये.

"कशाला बोलावतोय मेला," असं म्हणून तो बसूनच राहिला. सोळा मजले चढायचं त्याच्याच्याने होणार नव्हतं. ठोके पुन्हा आले नाहीत. कपातला चहा गार व्हावा इतका वेळ गेला असेल, आणि एकाएकी तारेला हिसका बसला. दहा किलोचं वजन तेलातून वीतभर वर आलं, थरथरलं आणि पुन्हा बुडालं. पाठोपाठ बादलीत काहीतरी टुपकन पडलं. तेलाचे शिंतोडे वहीवर उडाले.

त्याने वर पाहिलं नाही. मान वर केली की जग फिरायचं. त्याने बाही वर सरकवून बादलीत हात घातला. मनगटी घड्याळ होतं. पोलादी पट्ट्याचं, काच तडकलेली, अकरा वाजून वीस मिनिटांवर बंद. मागच्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं, शेपूट मोडलेलं एखादं जनावर असावं. ते तो फडक्याने पुसत होता तेव्हा ती हाक आली.

"भाऊजी!"

आवाज खारूचा. वर कुठेतरी सुरू झाला, जवळ आला, त्याच्या कानाशेजारून गेला आणि खाली जात राहिला. खाली म्हणजे बादलीच्या खाली, खड्ड्याच्या तळाच्या खाली, जिथे काँक्रीट आणि त्याखाली माती होती. बराच वेळ जात राहिला. मग ऐकू येईनासा झाला.

"भाऊजी, झालं का तुमचं?" खारू खड्ड्याच्या दारात उभा होता, बाहेरच्या उन्हातून आलेला, हातात पाण्याची बाटली.

"तू खाली कधी आलास?"

"मघाशीच. तुमचा सहावा झाला आणि गिलाव्याची माणसं आली, म्हणाली, जिना अर्धा तास बंद ठेवायचाय, उतर नाहीतर अडकशील. तार आवळून बांधली आणि आलो. बाहेर सावलीत बसलो होतो. का? ठोके दिलेत की काय?"

"नाही," मिस्त्री म्हणाला.

वर दुसऱ्याच कोणीतरी पाना घेऊन गंमत केली असेल. घड्याळही त्याचंच पडलं असेल. आणि हाक? कान खोटं बोलतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मिस्त्रीने अशी तिन्हीची वासलात लावली. घड्याळाबद्दल त्याने चार दिवस साऱ्या कामगारांत विचारलं, कोणाचंच नव्हतं. मग ते फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकलं.

आठवड्याने इंजिनिअर बाईंनी त्याला बोलावलं. तरुण होत्या, पण कागदावरचा आकडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय झोप न येणाऱ्यांपैकी.

"मिस्त्री, तेराव्यावरचे ते नऊ एमएम मला खटकले होते. काल मीच दोरी सोडून पाहिलं."

"मॅडम, ते माझं जरा..."

"बरोब्बर नऊ आहेत. चौदावा आणि पंधरावाही पाहिला, अर्ध्या एमएमचा फरक नाही. तुमच्या हाताला डोळे आहेत हो!" त्या हसल्या. "पण मग भिंत तासावी लागणार. त्याआधी, खालचे सहा राहू द्या, सातव्यापासून वर पुन्हा एकदा तारेने मोजून घ्या. पुढच्या आठवड्यात."

मिस्त्रीने खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. जे खोटं लिहिलं ते खरं निघालं, असं कोणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडाने? तो घरी आला तेव्हा बायको आणि खारू दोघं जेवायला थांबली होती. खारूचा तिसावा वाढदिवस होता, हे तो साफ विसरला होता.

"बघा तरी काय आणलंय मी त्याला," बायको म्हणाली. "पोलादी पट्टा आहे, तोडतो म्हटलं तरी तुटायचा नाही. आणि मागे हौसेने खार कोरून घेतली तर त्या मेल्या कोरणाऱ्याचा हात हलला. शेपूटच मोडलं बिचारीचं!"

खारू घड्याळ मनगटावर फिरवत हसत होता. मिस्त्रीने ते हातात घेतलं, उलटं केलं, परत दिलं. जेवण त्याला गेलं नाही. हात धुतल्यावर मोरीतच त्याने हत्यारांची पेटी उघडली. फडक्यात ते घड्याळ होतं, तडकलेलं, अकरा वीसवर बंद. आणि बाहेरच्या खोलीत तेच घड्याळ खारूच्या हातावर टिकटिकत होतं.

आता त्याला सगळी रांग दिसली. चार ठोके, हिसका, घड्याळ, हाक. हे झालेलं नव्हतं, व्हायचं होतं. खारू वरून पडणार होता. मिस्त्रीने घड्याळ पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटी मिटली. त्याच्या भीतीत एक लाज मिसळलेली होती. आपण त्या दिवशी सातव्यावरून पळालो नसतो, तेराव्याला तो शहाणपणाचा आकडा घातला नसता, तर कदाचित भिंतही नऊ मिलिमीटर सरकली नसती आणि पुन्हा तार सोडायची वेळच आली नसती.

रात्रभर त्याने कूस बदलली नाही, कारण बदलली की खोली फिरायची. सकाळी त्याने खारूला सांगितलं, "या खेपेला वर मी. तू मोज."

"तुम्ही? भाऊजी, ताई म्हणत होती तुमचे गुडघे..."

"ताईला काय कळतंय. आणि हे बघ, काही झालं तरी काठाशी पट्टा अडकवल्याशिवाय वाकायचं नाही. आणि ते घड्याळ काढून ठेव."

"ते का?"

"काढ म्हणतो ना!"

खारूने काढलं आणि खिशात टाकलं.

मिस्त्री सोळा मजले भिंतीला पाठ घासत चढला. प्रत्येक वळणावर जिन्याला कठडा नव्हता, प्रत्येक वळणावर त्याने डोळे मिटले. वर पोचला तेव्हा सदरा पिळून काढण्याइतका भिजला होता. चौकटीशी दोन फळ्या टाकल्या होत्या. तो त्यांवर पोटावर पडून पुढे सरकला, पट्टा मागच्या खांबाला अडकवला, डावा हात फळीला आणि उजव्या हातात पाना. डोळे घट्ट. तार त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर होती. ती दिसत नव्हती, पण तिच्यापाशी पोकळी सुरू होते हे त्याच्या साऱ्या अंगाला कळत होतं.

टण्. एक ठोका.

त्याने दोन दिले.

थोड्या वेळाने पुन्हा एक. पुन्हा दोन. खारू भराभर मजले चढतोय, जरा सावकाश घे म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. तिसरा.

चौथ्या खेपेला एक मोठा ठोका आला आणि मागोमाग एक निसटता.

मिस्त्रीचा हात थांबला. तो निसटता ठोका त्याच्या ओळखीचा होता. तो तेलकट पाना त्याच्या ओळखीचा होता. खाली, बादलीशेजारी, उलट्या खोक्यावर कोण बसलंय आणि मांडीवरच्या वहीत काय लिहितंय, हे त्याला वरून दिसल्यासारखं दिसलं.

त्याने दोन ठोके दिले. जरा सावकाश.

पाच. सहा. सात. काहीही झालं तरी चार ठोके द्यायचे नाहीत, एवढंच त्याने धरून ठेवलं. आपण चार दिले नाहीत तर खारू वर येणार नाही. खारू वर आला नाही तर पुढचं काहीच होणार नाही. आठ. नऊ. दहा.

संपलं.

त्याने डोळे उघडले.

उघडायला नको होते. फळ्यांमधल्या फटीतून शाफ्ट दिसला, सोळा चौकोन एकात एक, आणि तळाशी रुपयाएवढी काळी बादली. चौकोन फिरायला लागले. फळी कलली. फळी कलत नव्हती, कान खोटं बोलत होता, पण आतलं ते कोणीतरी उठून उभं राहिलं आणि निघालं. पट्टा आवळतोय म्हणून त्याच्याच बोटांनी तो सोडवला. त्याला ते दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

उजव्या हाताने, सव्वीस वर्षांच्या सवयीने, मदत मागितली.

टण्. टण्. टण्. टण्.

मग किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. जिन्यात पावलं वाजली.

"भाऊजी, हलू नका!"

तो गुडघ्यांवर उठला होता. एक गुडघा फळीवर, दुसऱ्याखाली काही नव्हतं.

मनगटाला कोणीतरी कचकन धरलं. खारूने एका हाताने त्याला आणि दुसऱ्या हाताने तारेला धरलं होतं. तार वाकली, चौकट करकरली. खारू फळीवर ओणवा झालेला, सदऱ्याचा खिसा उलटा, आणि खिशातून काहीतरी चकाकत निसटलं.

दोघं मागे फरशीवर कोसळले.

आणि जग थांबलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा छत छताच्या जागी होतं. मिस्त्री हसायला लागला, रडायला लागला, खारूचं डोकं त्याने छातीशी दाबून धरलं.

"घड्याळ गेलं," खारू धापा टाकत म्हणाला. "ताई जीव घेणार माझा."

"किती वाजले असतील?"

"सव्वाअकरा, वीस. पण भाऊजी, तुम्ही मघापासून दोन-दोन ठोके कोणाला देत होतात? मी अजून सातव्यावरच होतो. पट्टी पडली होती ती शोधत होतो. एकही ठोका दिला नव्हता मी."

मिस्त्रीला दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

"खारू, मला धरताना तू हाक मारलीस का?"

"आलो तेव्हा ओरडलो ना, हलू नका म्हणून."

"तसं नव्हे. धरल्यावर. नुसतं 'भाऊजी' असं, मोठ्याने."

"छे हो. दात आवळले होते मी." खारूने करंगळी कानात घालून हलवली. "दडा बसलाय बघा कानाला."

हाक व्हायची राहिली होती.

बादलीत घड्याळ सापडलं नाही, ते सापडायचं तेव्हा सापडलेलं होतं. मिस्त्रीने पेटीतलं काढून खारूला दिलं आणि खारूने काच बदलून ते दुरुस्त करून घेतलं. त्याच संध्याकाळी मिस्त्री इंजिनिअर बाईंकडे गेला आणि हटून बसला. म्हणाला, शाफ्टचं सगळं काम मी करतो, पण या मुलाला आजपासून उंचीवर चढवायचं नाही. त्यांनी कारण विचारलं, ते त्याने दिलं नाही. शेवटी तळमजल्यावरच्या कोठारात खारूला बसवलं. नट, बोल्ट, वायरी, रबरी तुकडे. तिथून पडायला जागा नव्हती.

"मला खाली का टाकलंत?" खारू पंधरा दिवस धुसफुसत होता. मग धुसफुसणं थांबलं. तो बोलेनासाच झाला. मिस्त्रीला वाटलं, रुळला. स्वतः तो पुन्हा काठावर उभा राहायला लागला होता, पूर्वीसारखा, एक पाय हवेत. चक्कर नाही, घाम नाही. बायको म्हणाली, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता.

दोन महिन्यांनी एका सकाळी तो रबरी पट्ट्या न्यायला कोठारात गेला. खुर्ची रिकामी होती. खारू फरशीवर बसला होता, पाठ मांडणीला टेकवून, एक हात मांडणीच्या लोखंडी पायाला घट्ट गुंडाळलेला. कमरेचा पट्टाही त्याने त्या पायाला अडकवला होता.

"काय रे? खाली का बसलास?"

"खुर्ची उंच आहे," खारू म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. तो फरशीकडे बघत होता, जसं वरून बघतात तसं.

"किती दिवस झाले?"

"तुम्हाला धरलं ना, तेव्हापासून. ताईला सांगू नका. आधी थोडंसंच होतं. आता फरशीच्या खाली दिसतं."

"कान खोटं बोलतो रे," मिस्त्री म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने खारूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "हे बघ. मी धरलंय. जमिनीवर आहेस तू. कुठे जाणार आहेस?"

खारूने मान वर केली. दोघं समोरासमोर बसले होते, तरी त्याने मान बरीच वर केली.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही लांब राहिलात."

मग त्याने हाक मारली.

मिस्त्रीने ती ओळखली, खड्ड्यात ऐकलेली तीच. ती समोर सुरू झाली आणि फरशीच्या खाली जायला लागली. मनगट त्याच्या मुठीत होतं, ऊबदार, त्यावरचं घड्याळ चालू होतं. हाक मात्र जातच राहिली.